किती जातील आणि कोण जाईल

हार्बर मार्गावरच्या सीवूड्स-दारावे स्थानकाला लागूनच सीवूड्स ग्रँड सेंट्रल हे अवाढव्य संकुल उभं आहे. खाली लोकल, मध्ये मॉल, वर कार्यालयांचे मनोरे. शनिवार-रविवारी खरेदीला येणाऱ्या गर्दीतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं की यातल्याच एका मनोऱ्यात इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडिया या संस्थेचं कार्यालय आहे. 1944 मध्ये ॲक्च्युअरिअल सोसायटी म्हणून सुरू झालेल्या या संस्थेला 2006 च्या कायद्याने आजचं रूप मिळालं. ॲक्च्युअरी म्हणजे विम्याचं गणित मांडणारा माणूस. त्याचं निम्मं काम एकाच प्रश्नाभोवती फिरतं: पुढच्या वर्षभरात किती माणसं मरतील?

या प्रश्नाचं उत्तर एका तक्त्यात असतं. भारतीय विमाधारकांचा 2012-14 या वर्षांच्या अनुभवावर बेतलेला तक्ता 2019 पासून वापरात आला. त्यात प्रत्येक वयापुढे एक दशांश अपूर्णांक आहे. तिशीच्या हजार विमाधारकांपैकी वर्षभरात सुमारे एक जाईल, पन्नाशीच्या हजारांतून चार-साडेचार, साठीच्या हजारांतून अकरा, सत्तरीच्या हजारांतून चोवीस. सत्तर वर्षांचे एक लाख विमाधारक घेतले तर अंदाजे 2400 मृत्यू अपेक्षित धरायचे. आणि साथ किंवा मोठी आपत्ती आली नाही, तर प्रत्यक्ष आकडा बहुतेक वेळा 2300 ते 2500 च्या आत पडतो. एवढ्या मोठ्या अंदाजात शंभराचीच चूक! मला हे मानवी बुद्धीचं एक फार मोठं यश वाटतं. पण त्या लाखांतले 2400 कोण, हे ॲक्च्युअरीला विचारलं तर तो सांगू शकत नाही, आणि त्याला ते सांगायचंही नसतं. त्याचा प्रश्न ‘किती’ एवढाच असतो.

जगात दुसरीही एक मंडळी आहे. तिला ‘किती’शी कर्तव्य नाही, तिला ‘कोण’ हवं असतं. दर वर्षी 31 डिसेंबरच्या आत हे लोक प्रसिद्ध व्यक्तींच्या नावांची एक यादी करतात: नट, राजकारणी, खेळाडू, राजघराण्यातली माणसं. पुढच्या बारा महिन्यांत यादीतली जितकी माणसं मरतील तितके गुण. इंग्रजी मुलखात याला ‘डेड पूल’ म्हणतात. ब्रिटनमधली ‘डेथलिस्ट’ ही पन्नास नावांची यादी 1987 पासून दर वर्षी निघते आहे. अमेरिकेत हा खेळ एवढा ओळखीचा झाला की 1988 मध्ये क्लिंट ईस्टवूडच्या एका चित्रपटाचं नावच ‘द डेड पूल’ होतं.

या खेळाचे नियम वाचले की तो काही रिकामटेकड्यांचा अंदाजपंचे उद्योग नाही हे लक्षात येतं. मृत्यूची बातमी मोठ्या वृत्तपत्रांनी दिली पाहिजे, म्हणजे गल्लीतल्या कोणाचं नाव घालून गुण मिळवता येत नाहीत. डेथलिस्टमध्ये गेल्या वर्षीची पंचवीसच नावं पुन्हा घेता येतात, नाहीतर तेच ते वृद्ध दर साल यादीत बसतील. बऱ्याच स्पर्धांत मेलेल्याचं वय शंभरातून वजा करतात आणि उरतील तितके गुण देतात. नव्वदीचा गेला तर दहा, चाळिशीचा गेला तर साठ. आपल्या यादीतल्या माणसाला स्वतःच मारलं तर गुण नाहीत, असाही एक नियम काही ठिकाणी लिहिलेला असतो. तो गमतीने लिहितात हे खरं, पण त्यामागे अडीचशे वर्षांचा कायद्याचा इतिहास आहे. त्याकडे पुढे येतोच.

आधी या खेळातलं कौशल्य किती, ते पाहू. लंडनचा गणिती बेंजामिन गॉम्पर्ट्झ याने 1825 मध्ये दाखवून दिलं की प्रौढ वयात मरणाचा धोका ठरावीक गतीने दुप्पट होत जातो. आजच्या माणसांत ही दुप्पट साधारण आठ वर्षांनी होते. पाश्चात्त्य देशांच्या तक्त्यांत नव्वदीच्या पुरुषांपैकी सुमारे सहात एक वर्षभरात जातो. म्हणजे कोणाच्याही प्रकृतीची काहीही माहिती नसताना नुसती नव्वदीची पन्नास प्रसिद्ध नावं लिहून काढली तरी वर्षअखेर आठएक गुण पदरात पडतात. त्यात प्रतिभा कुठे आली? खरा खेळाडू यापुढे सुरू होतो. तो बातम्या वाचतो आणि त्यांतलं न लिहिलेलं शोधतो. गायिकेने दौरा रद्द केला, नेता तीन समारंभांना आला नाही, नट फोटोत बारीक दिसतो, कुटुंबीय परदेशातून परतले. ‘प्रकृती स्थिर आहे’ आणि ‘उपचारांना प्रतिसाद देत आहेत’ या रुग्णालयाच्या दोन वाक्यांतला फरक त्याला कळतो. थोडक्यात, एखादा चांगला वैद्यकीय वार्ताहर जे करतो तेच तो करतो, फक्त त्याच्या कष्टाच्या शेवटी वाचक नसतो, गुणफलक असतो.

आणि तरीही त्याची मजल किती? पन्नास नावांत आठ मृत्यू अपेक्षित असतील तर नुसत्या योगायोगाने एखाद्या वर्षी चार होतील, एखाद्या वर्षी बारा. लाखांच्या समूहात जो योगायोग विरघळून जातो तो पन्नासांत ठळकपणे उठून दिसतो, आणि बारावाला स्वतःला द्रष्टा समजू लागतो. आपल्याकडच्या भविष्यवेत्त्यांची कीर्तीही अशीच वाढते. दर दिवाळी अंकात ‘एका मोठ्या नेत्याचे निधन संभवते’ असं छापायला ग्रहांची गरजच नाही. एवढ्या मोठ्या देशात असं वर्ष दाखवा की ज्यात मोठा नेता गेला नाही! पुण्यात 2008 मध्ये जयंत नारळीकरांनी नरेंद्र दाभोलकर, प्रकाश घाटपांडे आणि सुधाकर कुंटे यांच्यासह फलज्योतिषाची रीतसर चाचणी घेतली होती. विषय मरणाचा नव्हता. पत्रिका हुशार मुलाची की मतिमंद मुलाची, एवढंच ज्योतिषांनी सांगायचं होतं. 27 ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहून उत्तरं पाठवली आणि सरासरी 46 टक्के बरोबर आली. नाणं उडवून पन्नास टक्के येतात.

आता त्या कायद्याच्या इतिहासाकडे.

प्रसिद्ध माणसाच्या मरणावर पैसे लावणं हा इंटरनेटने आणलेला विकार नाही. पोप चौदावा ग्रेगरी याने 1591 मध्ये फर्मान काढून पोपची निवड आणि पोपची कारकीर्द किती काळ चालेल यांवरच्या पैजांना बंदी घातली. त्या पैजा लागत होत्या म्हणूनच बंदी आली. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये तर विम्याची पॉलिसी हेच पैजेचं साधन झालं. राजा दुसरा जॉर्ज 1743 मध्ये डेटिंगेनच्या लढाईवर गेला तेव्हा तो जिवंत परतेल की नाही यावर लोकांनी विमे उतरवले. आजारी सरदार, खटला चालू असलेला मंत्री, कोणीही चालत असे. वर्तमानपत्रात आपल्या जीविताचा भाव वाचून आजारी माणसाला काय वाटत असेल याची कल्पना करून पाहा. अखेर 1774 मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा केला: ज्याच्या जीविताचा विमा उतरवायचा, त्याच्या जगण्यात विमा घेणाऱ्याचं हित असलंच पाहिजे. पॉलिसी कोणाच्या लाभासाठी आहे त्याचं नावही तीत लिहिलं पाहिजे.

माझ्या मते या संपूर्ण विषयाची किल्ली या एका अटीत आहे. बायकोने नवऱ्याचा विमा काढला, तर नवरा गेल्यावर तिच्या हाती पैसे येतात, पण तिचं जे जातं ते कितीतरी मोठं असतं. सावकार कर्जदाराचा विमा काढू शकतो, मात्र कर्जाच्या रकमेपुरताच. मरणातून मिळणारा पैसा हा मरणातून झालेल्या हानीच्या मागे चालला पाहिजे, पुढे नाही. जिथे हानी शून्य आणि लाभ भरपूर, तिथे दुसऱ्याने मरावं अशी इच्छा मनात धरायला आपण कोणालातरी पैसे देत असतो.

मुंबईला हा धडा स्वतःच्या अनुभवातून शिकावा लागला, कारण पैजेचं वेड या शहराच्या पाचवीलाच पुजलेलं. पाऊस किती पडेल यावर इथे सट्टा चाले, रुईच्या भावावर चाले, अफूवर तर चालेच. कलकत्त्याच्या लिलावात अफूला काय भाव येईल यावर मुंबईच्या व्यापाऱ्यांत लागलेल्या पैजेचा दावा थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. रामलाल ठाकूरसीदास विरुद्ध सुजनमल धोंडमल या त्या खटल्यात 1848 मध्ये निकाल आला की प्रचलित कायद्यात अशी पैज वसूल करता येते. त्याच वर्षी सरकारने 21 वा कायदा करून पैजेचे करार रद्दबातल ठरवले. मुंबई इलाख्यात 1865 मध्ये त्याहून कडक कायदा झाला. पैजेला आनुषंगिक असलेले करारही त्याने बाद केले. मग 1872 चा भारतीय करार कायदा आला आणि त्याच्या 30 व्या कलमाने पैज देशभर निरर्थक ठरवली. अपवाद ठेवला तो घोड्यांच्या शर्यतीतल्या पाचशे रुपये आणि त्यावरच्या बक्षिसांचा.

या 30 व्या कलमावर मुंबई उच्च न्यायालयासमोर 1898 साली जो खटला आला तो मला या प्रकरणाचा गाभा वाटतो. अलमाई विरुद्ध पॉझिटिव्ह गव्हर्न्मेंट सिक्युरिटी लाइफ अश्युरन्स कंपनी. अलमाईच्या नवऱ्याच्या पदरी एक कारकून होता. त्या कारकुनाच्या बायकोच्या जीविताची दहा वर्षांची पॉलिसी काढली गेली, रक्कम पंचवीस हजार रुपये. त्या काळात कारकुनाच्या घरात हा आकडा स्वप्नातही आला नसता. आठवड्याने त्या बाईने पॉलिसी मालकिणीच्या, म्हणजे अलमाईच्या, नावे करून दिली. महिन्याभराने ती बाई वारली. अलमाईने पैसे मागितले, कंपनीने नाकारले. न्यायालयाचा निकाल टेकला तो एकाच मुद्द्यावर: पॉलिसी त्या बाईच्या हितासाठी कधी नव्हतीच, ती पहिल्यापासून दुसरीच्या लाभासाठी होती, आणि त्या दुसरीचं तिच्या जगण्यात विम्याला लागेल असं काहीही हित नव्हतं. म्हणून तो विमा नव्हे, पैज. आणि पैज रद्दबातल. इंग्लंडचा 1774 चा कायदा हिंदुस्थानाला लागू नव्हता. तरीही करार कायद्याच्या एका कलमातून मुंबईच्या न्यायाधीशांनी तेच तत्त्व इथे रुजवलं. आजही विम्याच्या पाठ्यपुस्तकांत हा खटला शिकवला जातो.

याच मुंबईत, साधारण याच काळात, दुसरं एक काम चाललं होतं, आणि ते मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. युरोपीय कंपन्या हिंदी माणसाचं आयुष्य कमी प्रतीचं धरून त्याच्याकडून जादा हप्ता घेत. 1870 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअलने हिंदी लोकांना सर्वसाधारण दराने विमा दिला. 1874 मध्ये मॅकलॉक्लन स्लेटर या ॲक्च्युअरीने मुंबईत ओरिएंटल गव्हर्न्मेंट सिक्युरिटी ही कंपनी काढली. पुढे याच ओरिएंटलच्या 1925 ते 1935 मधल्या अनुभवावरून हिंदी विमाधारकांचा मृत्युतक्ता तयार झाला आणि कितीतरी वर्षं या देशातल्या विम्याचं गणित त्यावर चाललं. आपली माणसं खरोखर किती मरतात हे मोजल्याशिवाय ती ‘लवकर मरतात’ हा शिक्का पुसता आला नसता. सीवूड्समधल्या आजच्या तक्त्याची वंशावळ अशी फ्लोरा फाउंटनजवळच्या ओरिएंटल बिल्डिंगपर्यंत जाते.

हित असावं ही अट पॉलिसी काढताना. नंतर ती विकता येते का? अमेरिकेत 1911 मध्ये न्यायमूर्ती होम्स यांनी ‘येते’ असा निकाल दिला. एका रुग्णाने शस्त्रक्रियेच्या पैशासाठी आपली पॉलिसी शंभर डॉलर घेऊन डॉक्टरलाच दिली होती. त्या निकालाच्या आधाराने 1980 नंतर तिथे एक बाजार उभा राहिला. एड्स झालेले तरुण आपल्या पॉलिसी रोख पैसे घेऊन विकत, आणि घेणारे ते लवकर जातील या हिशेबाने घेत. 1996 च्या सुमारास नवी औषधं आली, रुग्ण जगू लागले, आणि गुंतवणूकदारांचा हिशेब बुडाला. माणसं वाचल्याचं दुःख व्हावं अशी जागा कोणाच्याही आयुष्यात येऊ नये. पण दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे: त्या रुग्णांना औषधपाण्याला, घरभाड्याला पैसा मिळाला तो याच बाजारातून.

आपल्याकडे हा प्रश्न पुन्हा मुंबईतूनच वर आला. पॉलिसीधारकांकडून आयुर्विमा महामंडळाच्या पॉलिसी विकत घेणाऱ्या इन्शुअर पॉलिसी प्लस सर्व्हिसेस या कंपनीच्या व्यवहारांची नोंद महामंडळाने नाकारली. हा मरणावरचा सट्टा आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो मानला नाही आणि डिसेंबर 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्याच बाजूने कौल दिला. दरम्यान, त्याच वर्षी विमा कायद्यात दुरुस्ती होऊन पॉलिसींचा व्यापार वाटल्यास हस्तांतर नाकारण्याचा अधिकार विमा कंपन्यांना मिळाला होता.

नुसत्या गुणांसाठी खेळणारे म्हणतील, आम्ही पैसे कुठे लावतो? बरोबर आहे. त्यांच्या यादीने कोणी मरत नाही. कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही हे आपल्याला पूर्वीपासून माहीत आहे. तरी मला त्यांच्या गुणपद्धतीतली एक गोष्ट सहन होत नाही. तरुणाच्या मरणाला जास्त गुण! गणिताने पाहिलं तर ते रास्त आहे, कारण अवघड अंदाजाला मोल जास्त. पण चाळिशीचा कर्करोगग्रस्त कलाकार दर आठवड्याला तपासत बसणाऱ्या माणसाच्या मनाची वाट कुठे जाते, ते अलमाईच्या खटल्याने सांगून ठेवलं आहे.

आपण मराठी माणसं यात नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. आपल्या याद्या नसतात, पण शर्यत आहे: बातमी आधी कोण देतो याची. मार्च 1979 मध्ये जयप्रकाश नारायण मुंबईच्या जसलोक रुग्णालयात होते. मोरारजी देसाईंनी लोकसभेत त्यांच्या निधनाची घोषणा केली, सभागृह तहकूब झालं, आकाशवाणीने बातमी दिली, दुकानं आणि शाळा बंद झाल्या. जेपी जिवंत होते. ते गेले 8 ऑक्टोबरला, पाटण्यात. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले ते 17 तारखेला, पण त्याआधीचे तीन-चार दिवस ‘मातोश्री’बाहेरून येणाऱ्या अफवांवर सारी मुंबई जगत होती. नोव्हेंबर 2022 मध्ये पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात विक्रम गोखले अत्यवस्थ असताना श्रद्धांजलीचे संदेश देशभर फिरले. ते अजून आहेत, असं घरच्यांना सांगावं लागलं. 26 तारखेला ते गेले. नोव्हेंबर 2025 मध्ये धर्मेंद्र यांच्या बाबतीत हेच झालं: 11 तारखेला बातमी, हेमामालिनी यांचा संतप्त खुलासा, आणि प्रत्यक्ष निधन 24 ला. सीवूड्सच्या कोणत्याही सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात त्या सकाळी हात जोडलेली चित्रं आली असतील. ती पाठवणाऱ्यांत दुष्टावा नव्हता. पण आयसीयूच्या दाराबाहेर बसलेल्या मुलीच्या हातातही फोन असतो, हे त्या क्षणी कोणाच्या ध्यानात येत नाही.

आपल्या जुन्या समजुतींत याविषयी चमत्कारिक शहाणपण आहे. तिन्हीसांजेला भलतंसलतं बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, हा धाक घराघरांत होता. आणि मेल्याची खोटी बातमी उठली तर त्या माणसाचं आयुष्य वाढतं, असंही म्हणतात. डोक्याला कावळा शिवला तर अपशकुन टळावा म्हणून नातेवाइकांना मुद्दाम मृत्यूची खोटी खबर धाडायचे. चार जणांनी रडून घेतलं की यमाचं देणं फिटलं! ज्या घरात ती तार पोचे तिथे मात्र हंबरडा खरा असे. विज्ञान म्हणून यांत काही नाही. पण दुसऱ्याच्या मरणाचा उच्चार ही किरकोळ गोष्ट नाही, एवढं त्या माणसांना पक्कं ठाऊक होतं.

मरणाचा अंदाज बांधून ठेवण्याचा एक धंदा मात्र मला निखालस आदराचा वाटतो: आधी लिहून ठेवलेले मृत्युलेख. मोठ्या वृत्तपत्रांत थोर माणसांचे लेख त्यांच्या हयातीतच तयार करून ठेवतात, कारण रात्री दहाला आलेल्या बातमीवर तासाभरात कोणाच्या सत्तर वर्षांच्या कामाला न्याय देता येत नाही. इथेही यादी असते, वय आणि आजारपण पाहून नावं वर-खाली होतात. पण ती यादी करणारा त्या माणसाचं काम वाचतो, त्याच्या जुन्या सहकाऱ्यांना फोन करतो, तारखा तपासतो. न्यूयॉर्क टाइम्सच्या मेल गुसो यांनी एलिझाबेथ टेलरवरचा लेख असाच आगाऊ लिहिला होता. टेलर 2011 मध्ये गेली आणि तो लेख गुसो यांच्याच नावाने छापून आला. गुसो स्वतः 2005 मध्येच वारले होते.